पालथी चरवी

एकदा एक तरुण आपल्या आईच्या हातचं जेवायला भिऊ लागला.

हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. मलाही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा आलं होतं. ते फार वेळ टिकलं नाही.

तरुणाचं नाव त्र्यंबक. घाटाखाली नदीच्या वळणावर एका वृद्ध वैद्यांचा आश्रम होता, तिथे तो वैद्यकी शिकत असे. आश्रम म्हणजे रोग्यांसाठी एक लांब पडवी, औषधांची खोली, गोठा आणि शिष्यांची झोपडी, एवढंच. घाट चढून गेलं की वरच्या पठारावर त्याचं गाव. सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत उंबरठा गाठावा, इतकंच अंतर. तिथे त्याची आई एकटी राहत होती. वडील तो लहान असतानाच गेले. आईने लोकांच्या शेतात राबून त्याला वाढवलं आणि पोरगा हुशार निघाला म्हणून काळजावर दगड ठेवून घाटाखाली धाडलं.

त्या पठारावर हुलगे पिकतात. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून मळायचं, तळहातावर त्याची वेटोळी वळायची आणि उकळत्या आधणात सोडून शिजवायची, की झाल्या शेंगोळ्या. त्या घरोघरी होतात. पण आपल्या आईसारख्या कुणाच्याच होत नाहीत, असं त्र्यंबकाचं ठाम मत होतं. तसं मत प्रत्येक मुलाचं असतं आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं खरंच असतं.

एका उन्हाळ्यात त्याला जत्रेतलं पाणी बाधलं. जुलाब थांबले, ताप उतरला, पण पोट काही पूर्वपदावर आलं नाही. चार घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगायचं, आत गुरगुर सुरू व्हायची, कळा यायच्या. तशातच दिवाळीला तो घरी गेला. आईने मोठ्या हौसेने शेंगोळ्या केल्या. ‘नको’ म्हणायला त्याची जीभ वळेना. तो पोटभर जेवला. मग मात्र पोट धरून असा लोळला, की आई घाबरून गावभर ओवा मागत फिरली.

दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा आई दारात आपल्या तळहातांकडे बघत उभी होती. ती म्हणाली, “माझ्या हातालाच कायतरी झालंय बघ.”

“तसं न्हाई गं आये,” तो म्हणाला, “पुरता बरा झालो की येतो. मग तुझ्याच ताटात बसून खातो.”

तो आश्रमात परतला आणि त्याने ‘पुरता बरा’ होण्याचा ध्यास घेतला.

गुरुजींनी त्याला औषध दिलं होतं. थोडे दिवस लंघन कर, मग थोडे दिवस हलकं पथ्य पाळ, मग एकेक पदार्थ परत घेत जा, असा क्रमही सांगितला होता. पण वैद्याचा शिष्य आजारी पडला की तो आधी शिष्यपण सोडतो आणि स्वतःचाच वैद्य होतो. त्र्यंबकाला पथ्याने जरा बरं वाटलं, तेव्हा त्याने पथ्य वाढवलं. आधी डाळी सोडल्या. मग कांदा-लसूण गेला, मग गहू, मग दूध, मग गूळ. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे जात आणि पोट पुन्हा कुरकुरू लागे. मग आणखी काहीतरी सुटे. शेवटी त्याच्या पानात उरला तो निव्वळ भात आणि त्यावर भाताचंच पाणी.

पुढे नदीकाठी एक फिरता संन्यासी मुक्कामाला आला. तो दिवसचे दिवस अन्नावाचून राहत असे. त्र्यंबकाने त्याचं पाहून निराहार धरला, आणि काय आश्चर्य, पोट एकदम गप्प झालं. कळा नाहीत, गुरगुर नाही. असं पोट तो विसरूनच गेला होता. उपास सोडला की त्रास परत येई; मग तो पुढचा उपास लांबवी. त्याच्या गालांची हाडं वर आली, पण डोळ्यांत एक तेज आलं. ते तेज बघून दुसरे शिष्य भारावले. गुरुजी मात्र भारावले नाहीत.

या सगळ्या काळात तो घरी गेला नाही. आईला लिहितावाचता येत नव्हतं. पण हौसा नावाची एक कासारीण बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन घाटाच्या वर-खाली गावं करीत असे. तिच्या हाती आई दर हंगामात हुलग्याच्या पिठाचं गाठोडं पाठवी. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला आईची ती ओळखीची घट्ट गाठ. त्र्यंबक गाठोडं कपाळाला लावी आणि झोपडीतल्या फळीवर ठेवून देई. बरा झालो की सोडीन, असं मनाशी म्हणे. फळीवर गाठोडी साठत गेली. कधीकधी एकटा असताना तो त्यातलं एखादं खाली काढी, नाकाशी धरी आणि पुन्हा वर ठेवी. चुलीपुढे बसलेली आई, तिच्या तळहातांचा तो पुढेमागे होणारा नाद, आधणावरून येणारी लसणीची वाफ, सगळं त्या वासात असे. त्याला उपाशी पोटी भूक लागत नसे. पण त्या वासाने तोंडाला पाणी सुटे.

एका हिवाळ्यात हौसा आली ती पेटी खाली ठेवायच्या आतच बोलू लागली.

“घे बाबा तुजं पीठ. ह्ये शेवटचं म्हनली तुजी आय.”

“शेवटचं म्हणजे?”

“म्हंजी काय! हातात जोर ऱ्हायलाय का तिच्या? जात्याचा खुट्टा धरला तर हात लटलट कापत्यात. लई वाळली रे. वाटंवर नजर लावून बसती. मला म्हनती, हौसे, इचार त्येला, बरा झाला का?” तिने त्र्यंबकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मी काय सांगू तिला? तू तर तिच्यापरीस वाळलायस.”

त्र्यंबकाने गाठोडं घेतलं. ते नेहमीपेक्षा हलकं होतं, आणि गाठ सैल होती. गाठ सैल असलेली त्याला सहन होईना.

तसाच तो गुरुजींकडे गेला. गुरुजी पडवीत बेहडे वाळत घालत होते. त्र्यंबक हात जोडून म्हणाला, “गुरुजी, मला आता वेळ नाही. एकच सांगा. लंघन श्रेष्ठ की पथ्य? पथ्याने त्रास कमी होतो, पण जात नाही. लंघनाने जातो, पण अन्न घेताच परततो. यांतलं जे श्रेष्ठ असेल ते मी आमरण करीन. मला पुरतं बरं होऊन आईकडे जायचं आहे.”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “उद्यापासून कपिला गाईचं दूध तू काढ.”

आता हे उत्तर आहे का? त्र्यंबकालाही तोच प्रश्न पडला. पण गुरूला उलट विचारायची तेव्हा रीत नव्हती.

सकाळी तो गोठ्यात गेला. गुरुजींनी त्याच्या हाती एक पितळी चरवी दिली. तिच्यात आदल्या दिवशी ताक होतं; तळाला आणि काठाला आंबट थर चिकटलेला होता.

“घासून आणतो,” तो म्हणाला.

“घासायची नाही. हिच्यातच धार काढ.”

त्याने काढली. दुपारी दूध तापवायला ठेवलं आणि ते फाटलं. गुरुजींचं संध्याकाळचं जेवण म्हणजे एक पेला दूध आणि मूठभर लाह्या. त्या दिवशी त्यांनी कोरड्या लाह्या खाल्ल्या आणि म्हणाले, “कपिलेच्या दुधात दोष दिसतो. उद्या शेळीचं घेऊन बघ.”

शेळीचं दूध त्याच चरवीत काढलं, तेही फाटलं. मग गुरुजींनी शेजारच्या वाडीवरून म्हशीचं आणवलं, तेही त्याच चरवीत. मग दूध फार दाट असेल म्हणून त्यात पाणी घालायला लावलं. रोज दुपारी चुलीवर तेच. रोज संध्याकाळी कोरड्या लाह्या. म्हाताऱ्या माणसाला त्या चावताना ठसका लागे आणि त्र्यंबक मान फिरवून बसे.

अखेर तो कळवळून म्हणाला, “गुरुजी, दूध बदलून काय होणार? दोष चरवीत आहे. आधी ती रिकामी करून घासली पाहिजे.”

“असं म्हणतोस? मग घास.”

त्र्यंबकाने चिंच आणि राख घेऊन चरवी अशी घासली, की तिच्यात तोंड दिसावं. गरम पाण्याने विसळली, उन्हात वाळवली आणि ओट्यावर पालथी घातली. दुसऱ्या दिवशी तो ती उचलायला गेला, तर गुरुजी म्हणाले, “राहू दे. किती छान लखलखते आहे. कशाला पुन्हा बरबटवायची? धार नको काढू. वासराला पिऊ दे.”

त्या दिवशी कोरड्या लाह्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वासरू गुटगुटीत होऊ लागलं. चरवी ओट्यावर उन्हात चमकत राहिली आणि गुरुजी जाता-येता तिचं कौतुक करीत राहिले. एका संध्याकाळी लाह्यांचा ठसका असा लागला, की गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्र्यंबक ताडकन उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो गुरूवर ओरडला.

“गुरुजी, चरवी स्वच्छ ठेवण्यासाठी नसते! दुधासाठी असते!”

बोलून तो स्वतःच थबकला. गुरुजींनी हाताने खूण करून त्याला जवळ बसवलं. ठसका शमल्यावर ते सावकाश बोलू लागले.

“दुधाचं दही कोण करतं, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण काहीतरी जिवंत असतं, एवढं खरं. दह्याच्या गाडग्यात ते असलं तर आपण त्याला विरजण म्हणतो आणि जपतो. तेच दुधाच्या चरवीत राहिलं तर दूध नासतं. जीव तोच, जागा चुकली. आपल्या पोटातही असे जीव आहेत. त्यांचं घर खाली, मोठ्या आतड्यात. तिथे ते आपल्या उपयोगाचे. तुझ्या त्या दुखण्यानंतर ते वर चढून लहान आतड्यात मुक्काम ठोकून बसले. आता तू जे खातोस ते तुझ्याआधी तेच जेवतात, आणि त्या मेजवानीचा गोंगाट तुला ऐकू येतो.

“तू पथ्य करीत गेलास, म्हणजे दूध बदलत गेलास. गाईचं नको, शेळीचं. दाट नको, पातळ. त्याने त्यांची मेजवानी जरा लहान झाली, एवढंच. मग तू लंघन धरलंस, म्हणजे चरवी रिकामी केलीस. ते योग्यच होतं. पोट रिकामं असलं की ते स्वतःला झाडून घेतं. दोन जेवणांच्या मधे त्याला तेवढी उसंत हवीच. पण तू ती पालथी घातलीस आणि तिच्या चकाकीच्या प्रेमात पडलास. लंघन आणि पथ्य, दोन्ही मीच तुला सांगितली होती, त्र्यंबक. औषधही दिलं होतं. त्यांत श्रेष्ठ कोण, हे विचारूच नकोस. राख श्रेष्ठ की चिंच, असं चरवी घासताना कुणी विचारतं का? त्या दोन्ही धुवून टाकायच्या असतात. आपण चरवी कशासाठी घासतो आहोत, एवढं विसरलं नाही म्हणजे झालं.”

त्र्यंबक खाली मान घालून ऐकत होता. गुरुजी उठले आणि त्याचा हात धरून झोपडीत गेले. त्यांनी फळीवरची गाठोडी एकेक करून खाली काढली. जुनी गाठोडी उघडली तर आत पिठाला जाळी धरली होती. किडे झाले होते. लुगड्याचे तुकडे मात्र तसेच होते, एकावर अजून आईच्या हळदीचा डाग होता.

“हे तिने तुला बरा झाल्यावर खायला पाठवलं होतं का?” गुरुजींनी विचारलं.

त्र्यंबक त्या तुकड्यांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. गुरुजी बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग हळूच म्हणाले, “मला आता पीठ पाठवणारं कुणी उरलं नाही रे.”

त्यानंतर गुरुजींनी सांगितलेला क्रम त्र्यंबकाने निमूटपणे धरला. औषध घेतलं. पेज घेतली, मग मऊ भात, मग मुगाचं कढण. दोन जेवणांच्या मधे तोंड बंद ठेवलं, पण जेवणाच्या वेळी उघडलंही. कधी पोट फुगे, तेव्हा तो एक पाऊल मागे येई, पण थांबून राहत नसे. ओट्यावरची चरवी रोज भरली जाई, रोज घासली जाई. गुरुजींच्या लाह्या भिजू लागल्या.

आंब्याला मोहोर आला तेव्हा गुरुजींनी त्याला बोलावून सांगितलं, “जा आता.”

“पण मी अजून पुरता बरा नाही, गुरुजी.”

“नसशील. लसूण अजून बाधेल, तेव्हा तो तुपात परतून काढून टाक आणि ते तूप वापर. थोडंच खा. आणि शेवटचं गाठोडं बरोबर ने, ते अजून चांगलं आहे.”

तो घाट चढून गेला तेव्हा आई उंबरठ्याशी बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, पण ओळखलं ते पावलांच्या आवाजावरून. हौसा म्हणाली होती त्याहूनही ती वाळली होती.

“त्र्यंबका? बरा झालास व्हय रं?”

“पुरता न्हाई गं आये,” तो म्हणाला, “पर जेवाया आलोय.”

त्याने गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने गाठ चाचपली. “ह्ये तर मीच धाडलेलं.”

“व्हय. एकट्यानं खायाचं न्हवतं ते.”

आईच्या हातांनी वळवेना, म्हणून त्यानेच वळायला घेतलं. ती शेजारी बसून सांगत होती, “अरं असं न्हवं, तळव्यानं रेट. बोटं कशाला लावतूस?” त्याची वेटोळी जाड-बारीक, वेडीवाकडी झाली. तिने त्यातलं प्रत्येक उचलून पाहिलं आणि आधणात सोडलं. लसणीच्या पाकळ्या त्याने तुपात परतून बाहेर काढल्या, तेव्हा तिचा चेहरा जरा पडला. पण वास दरवळला तसं तिने काही म्हटलं नाही.

आईने एकच ताट घेतलं. दोघांच्या मधे ठेवलं. त्र्यंबकाने पहिला घास घेतला. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, पोटाकडे बघत होती.

“दुखतंय का?”

“न्हाई. तू घे की.”

तिने एक शेंगोळी उचलली. तोंडापर्यंत नेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

“काय झालं?”

“मी सोडल्या व्हत्या रे. देवापुढं बोललेली. तू माझ्या ताटात बसून खाशील तवाच तोंडात घालीन म्हनून.”

त्र्यंबकाचा हात ताटातच राहिला. घाटाखाली तो हुलग्याचा नुसता वास घेत बसला होता, तेव्हा घाटावर ती दर हंगामात तेच पीठ दळत होती आणि त्याला बोट लावत नव्हती. त्याने भीतीने सोडलं होतं, तिने त्याची वाट बघत. आणि तो मात्र पुरता बरा व्हायची वाट बघत राहिला होता. त्याच्या पोटात थोडं गुरगुरलं. त्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

“खा ना आये,” तो कसाबसा म्हणाला.

तिने शेंगोळी तोंडात घातली. उरलेल्या दातांनी ती पुष्कळ वेळ चावत राहिली. डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. मग तिने गिळलं, पदराने तोंड पुसलं.

“मीठ जरा कमी पडलंय,” ती म्हणाली, आणि दुसरी उचलली.

पोटाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जावं. ही गोष्ट त्या कामाची नाही. पण पुरतं बरं झाल्यावर कुणाकडे तरी जायचं, असं ज्यांनी ठरवून ठेवलं आहे, त्यांनी आधी जाऊन यावं.